माझ्या स्क्रीनवर बराबर होतं

...आन् वरून मलाच इचारतात, "भीमराज, घर खाली काहून बांधलं?" अरे बाबा, मी बांधलंच कुठं? मी काढलं. काढणं येगळं, बांधणं येगळं. मी पुण्यात, घर आमच्या गावात, डोंगरकड्यात, मधात केवढा मुलूख पडला... आन् तुमाला सांगतो, मायची आण घेऊन सांगतो, माझ्या स्क्रीनवर बराबर होतं.

बसा हो, बसा. माझी पुण्याची गाडी काय इतक्यात येत न्हाई. ह्या वारंगा फाट्यावर कुणाची गाडी टायमावर आली हाय का कधी? चहा सांगितलाय. तवर ऐका, म्हंजे गावात कुणी सांगितलं की जळबाच्या पोरानं, म्हंजे मीच, मायला खड्ड्यात घातलं, तर तुमाला खरं काय ते माहीत पायजे.

मी ड्राफ्ट्समन. म्हंजे इंजिनियर बोलतो आन् मी कंप्युटरवर रेघा मारतो. रेघांची काही तकलीफ न्हाई, रेघ बिचारी सांगाल तशी जाते. तकलीफ हाय ती चिन्हांची. आता बघा, सळई किती जाड ते दाखवायला एक गोल काढायचा आन् त्यातून तिरपी रेघ मारायची. शाळेतलं लेकरूबी काढंल. पण कीबोर्डवर ते हायच न्हाई. डॉलरचं चिन्ह हाय, ज्याचं आमच्या अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणाला काम पडत न्हाई, पण हे न्हाई. मग काय करायचं, तर टक्क्याचं चिन्ह दोनदा दाबायचं आन् म्होरं सी. टक्का टक्का सी. की झाला गोल. टक्का टक्का डी की डिग्री. टक्का टक्का पी की अधिक-उणे. हे कुणी ठरवलं, कोणत्या देशात बसून ठरवलं, त्याला इचारायला जायचं कुठं? माय फोनवर इचारायची, "दिवसभर काय करतोस रे?" मी म्हणायचो, "टक्के मारतो." ती गावभर सांगत फिरली की पोरगं बँकेत लागलं.

आन् आमचे साहेब. पुण्याचे. एक दिवस माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, चष्मा नाकावर, आन् सुरू... "अहो भीमराज, नुसतं अधिक तीन फूट काय लिहिता? किराणा दुकान आहे का हे? पातळीचं चिन्ह म्हणजे ड्रॉइंगची अब्रू असते." पातळी म्हंजे जमिनीपासून किती वर, किती खाली. त्याच्यासाठी साहेबांनी हापिसाचा खास फॉण्ट बनवून घेतला. फॉण्ट म्हंजे अक्षरांचा साचा, तेवढं समजून घ्या. जमिनीच्या वर असलं की भरीव काळा त्रिकोण, टोक वर. दिसायला एकदम झ्याक. आता हा वर जाणारा त्रिकोण ठिवायचा कोणत्या बटणावर? तुमी-आमी ठिवला असता अधिकच्या. पण अधिकचं बटण दाबायला शिफ्टबी दाबावं लागते, दोन बोटं गुंततात, आन् साहेबाला शिफ्टचा भारी कंटाळा. म्हणून त्यांनी तो ठिवला वजाच्या बटणावर. एका बोटात काम. म्हंजे मी दाबायचं वजा, आन् स्क्रीनवर उमटायचं वर.

वर्षभरात बोटाला सवय लागली. आमच्या हापिसानं काढलेल्या सगळ्या बिल्डिंगा वजाच्या बटणावर उभ्या हायेत आन् एकबी खाली गेली न्हाई. काहून? कारण तिथल्या सगळ्या मशीनीत तो फॉण्ट हाय. मशीनीत फॉण्ट नसला तर काय होते, ते साहेबाला माहीत न्हाई. ते फक्त माझ्या मायला माहीत हाय.

तर आता मायचं. पद्माबाई तिचं नाव. माझा बाप जळबा एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचा, रिटायर झाला आन् वर्ष भरायच्या आत गेला. त्याचं जे काही आलं त्याला मायनं कुणाला हात लावू दिला न्हाई. म्हणली, घर बांधायचं. आमचं जुनं घर गावाच्या खालच्या अंगाला. आमच्या लोकांची घरं खालच्याच अंगाला असतात, हे काय तुमाला सांगायला पायजे? वरल्या आळीचं सगळं सांडपाणी आमच्या उंबऱ्यापुढून जायचं, आन् पावसाळ्यात उंबऱ्यावरून आत. माझी माय पिठाचा डबा डोक्यावर घेऊन उभी राहिलेली मी लहानपणी बघितली हाय. मला वाटायचं, पावसात सगळ्यांच्या माया अशाच उभ्या राहतात.

मी तिला इचारलं, "माय, कसं घर पायजे सांग. किती खोल्या? गच्ची पायजे का?" म्हणली, "खोल्या तुझ्या मनानं कर. मला जोतं उंच पायजे, कमरेएवढं. आन् दाराम्होरं पायऱ्या. पाच." पाच काहून? तर पंचशीलाच्या पाच. मी हसलो. तशी ती म्हणली, "लहान होते तवा सुगीला माझ्या मायसंगं वरल्या आळीत जायचे, ग्यानबारावाच्या दारात. त्यांच्या दाराला पायऱ्या. आमी खाली उभं राहायचं, पदर धरायचा, आन् वरून पदरात ज्वारी पडायची. कुणी वाईट बोलायचं न्हाई रे. पण वर बघून बघून मान दुखायची. आता माझ्या दारात जो येईल त्यानं चढून यावं. ग्यानबारावानंबी यावं. एवढंच." मायनं जलमात माझ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट.

तुमाला सांगतो, मी कंपनीत पूल काढलेत, पाण्याच्या टाक्या काढल्या, पण असं जीव लावून कधी काही काढलं न्हाई. हापिस सुटलं की बसायचो. जोतं तीन फूट वर. प्रत्येक खोलीत मधोमध तो काळा त्रिकोण आन् म्होरं तीन फूट. सैपाकघरात त्रिकोण, माजघरात त्रिकोण, न्हाणीतबी त्रिकोण. साधं अधिक लिवलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं. पण मायचं घर हाय, तिथं किराणा दुकानासारखं लिवू? इतकं देखणं ड्रॉइंग झालं होतं म्हणता... माझ्या स्क्रीनवर बराबर होतं.

आता ते कागदावर काढायचं. कंपनीचा प्लॉटर खासगी कामाला लावायचा न्हाई, साहेबांची सक्त ताकीद. हिंगोलीत तवा, दोन हजार तीनमधी, एवढा मोठा कागद काढणारं मला कुणी माहीत नव्हतं. म्हणून नांदेडला गुलाबचंद. त्याचं दुकान, झेरॉक्स, लग्नपत्रिका, आन् एका कोपऱ्यात प्लॉटर. त्याला मी ईमेल केली. देविदास मिस्त्री, आमच्या गावाजवळच्या तांड्यावरचा, तो सिमेंटच्या कामाला नांदेडला जाणारच होता, त्यानं कागद घेऊन यायचा. सगळं कसं जुळून आलं.

पुढं मी गुलाबचंदला जाऊन भेटलो ना. म्हणलं, "शेठ, माझी फाइल उघडताना कंप्युटरनं काही इचारलं होतं का?" म्हणतो, "हाँ, पूछा था. बोला फॉण्ट नहीं है, दूसरा डालूँ क्या." म्हणलं, "मंग तुमी काय केलं?" म्हणतो, "एंटर मारा." म्हणलं, "काहून मारला?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडा. "भाई, वो तो रोज पूछता है. मैं रोज एंटर मारता हूँ. पेपर निकला ना?" निकला. कागद निकला. माझे सगळे काळे त्रिकोण गेले आन् त्या बटणाचं जे खरं चिन्ह होतं ते आलं. वजा. सैपाकघर वजा तीन फूट. माजघर वजा तीन फूट. न्हाणी वजा तीन फूट.

आता तुमी म्हणाल, मिस्त्रीला कळलं न्हाई का? घर उभं कापलं तर कसं दिसंल, जोतं कुठं, छत कुठं, असा दुसरा कागद मी दिला होता. त्यात आंधळ्यालाबी दिसलं असतं की घर वर हाय. तो कागद देविदासनं सिमेंटच्या थप्पीवर झाकला. मी त्याला नंतर म्हणलं, "अरे, बघितला काहून न्हाईस?" तर म्हणतो, "भीमराज भाऊ, आमी आडवं घर कागदावर बघतो. उभं कशाला बघायचं? उभं तर आमीच करणार ना." आमच्या भागात सगळे मिस्त्री असेच, आडव्या कागदावरून जमिनीवर चुन्याची फक्की टाकतात आन् वरचं डोळ्यानं करतात.

बरं, खड्डा बघून तरी गावात कुणी बोंबलावं? पण आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, काळीवर घर टिकत न्हाई. म्हणून आधी सगळी काळी माती उपसायची, मुरूम लागेस्तोवर, मंग मुरूम भरत भरत वर यायचं. म्हंजे जोतं वर न्यायचं असलं तरी सुरुवात खड्ड्यापासूनच. गाव येऊन बघून जायचं, "लई भारी पाया धरला जळबाच्या पोरानं." माय तिथंच डोक्यावर पदर घेऊन बसलेली, सगळ्यांना चहा. खड्डा जेवढा मोठा तेवढी ती खूश.

चौकट बसवायची वेळ आली तवा मात्र ती उठली. म्हणली, "देविदास, भरती करायची राहिली की रे." देविदासनं कागद काढला, बोट ठिवलं. "मावशी, कागदात वजा हाय." "वजा म्हंजे?" "म्हंजे खाली. घर खालीच राहणार." मायला अक्षर वळखू येत न्हाई. तिनं त्या बोटाकडं बघितलं. म्हणली, "माझ्या लेकरानं लिवलंय?" "कंप्युटरनं लिवलंय मावशी." देविदास म्हणलाबी, भाऊला फोन करून इचारू का. माय म्हणली नको. काहून नको? कारण मीच फोनवर सांगितलं होतं, कागदात हाय तसंच करायचं, एक इंच इकडं तिकडं न्हाई, मिस्त्रीला डोकं चालवू देऊ नको. आता मिस्त्री लोकांना असं सांगावंच लागते, तुमी कुणीबी सांगितलं असतं. ह्याच देविदासनं एकाचा जिना थेट भिंतीत नेऊन संपवला होता.

तिला मी नंतर इचारलं, "माय, तुला दिसत होतं ना? डोळ्यानं दिसत होतं ना? मंग बोलली काहून न्हाईस?" म्हणली, "मला वाटलं, शिकलेल्या लोकांत आता खाली राहायची पद्धत असंल. तूच म्हणला होतास, पुण्यात मोठ्या बिल्डिंगीत जमिनीच्या खालीबी मजले असतात." जलमभर पाणी कुठून येते, कुठं जाते ते जिला पाठ, त्या बाईनं आपल्या डोळ्यावर इश्वास ठिवला न्हाई आन् माझ्या कागदावर ठिवला.

आन् मी फोन करत नव्हतो का? दर रविवारी करत होतो, शेजाऱ्याच्या फोनवर. "माय, जोतं झालं?" "झालं. कागदात हाय तसं." "पायऱ्या?" "झाल्या." "पाच?" "पाच." "बराबर पाच?" "बराबर पाच, लेकरा." मी पुण्यात फोन ठिवून सगळ्यांना चहा पाजला.

मंग मी आलो गृहप्रवेशाला. ह्याच फाट्यावर उतरलो, जीप धरली, गावात शिरलो, आन् बघतो तर छत दिसून राहिलं पण जोतं दिसंना. जवळ गेलो. शेजाऱ्याची शेळी आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर उभी, आरामात, उडीबिडी न मारता. पायऱ्या होत्या. पाच. देखण्या, धारेला धार. फक्त खाली जात होत्या. खाली दारात माझी माय उभी, नवं लुगडं, हात जोडलेले, तोंडभर हसू, आन् माझ्याकडं वर बघून राहिली.

तुमाला सांगतो, त्या घरात दुसरी एक चूक सापडली न्हाई. भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात, खिडक्या मापात. असं नीट घर देविदासनं जलमात बांधलं न्हाई. कारण सगळी मापं फरशीपासून, आन् फरशी तेवढी तीन फूट खाली. मी म्हणलं, आता भरू, मुरूम टाकू, फरशी वर घेऊ. देविदास डोकं खाजवत म्हणतो, "घेऊ की भाऊ. पण मंग दार चार फुटाचं राहील. मावशीला रांगत जावं लागंल. आन् पंखा लावला तर..." पंख्याचं त्यानं पुरं सांगितलंच न्हाई. पाडायचं म्हणलं तर बापाचं सगळं त्याच भिंतीत गेलेलं.

भंतेजी आले, चीवर गोळा करून एकेक पायरी उतरले, वंदना झाली. गावातली मंडळी उतरली. आत खिडकीतून बघितलं तर बाहेरच्यांचे नुसते पाय. आता मायला सवय झालीय, कोण आलं ते ती चपलेवरून सांगते. पण त्या दिवशी ती सारखी दाराकडं बघत होती. मला कळून राहिलं होतं कुणासाठी. तिनं स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं.

आन् आले की हो ग्यानबाराव. म्हातारे झालेले, हातात काठी, धोतर पांढरंशुभ्र. मनात काही वाकडं न्हाई, हे मी पयलेच सांगतो, माणूस मायेनं आलता. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहिले, खाली बघितलं, एक पाय टाकून बघितला, परत घेतला. म्हणले, "पद्मा, गुडघे गेलेत गं. उतरता यायचं न्हाई मला. हितूनच भेटतो." माय दारात गेली. वर बघून म्हणली, "असू द्या मालक." त्यांनी पिशवीतून साडी काढली, पेढ्याचा पुडा काढला. वाकता येईना. मायनं पदर धरला, आन् त्यांनी वरून सोडलं.

मी मागं उभा होतो, माझ्या हातात सरबताचा ट्रे. साडी पदरात पडली, पुडा पडला. माय म्हणली, "येत जावा." आन् आत येऊन मला म्हणली, "ट्रे खाली ठिव, सांडून राहिलं." मलाच राहवंना. मी म्हणलं, "माय, ऐक, माझ्या स्क्रीनवर बराबर होतं." ती म्हणली, "असंल बाबा."

तवापासनं पावसाळा आला की वरल्या आळीचं पाणी पाचही पायऱ्या उतरून येते, आन् माय वरल्या पायरीवर मुरमाची पोती रचते. पोस्टमन खिडकीत वरून पत्र टाकतो. मीटरवाला पयल्यांदा आला तो खिडकीत वाकून इचारत होता, दार कुठंय. पाणी उपसायला मोटर घेऊन दिली मी. साहेबाला सांगितलं, तर साहेब म्हणतात, "अहो, फॉण्ट फाइलसोबत पाठवायचा असतो, भीमराज." हे त्यांनी आधी सांगितलं होतं का? कुणी सांगितलं होतं का? आन् वजाच्या बटणावर तो त्रिकोण आजबी तसाच हाय.

आन् कागद? तो मायनं काच लावून भिंतीवर टांगलाय, बाबासाहेबांच्या फोटोखाली. येईल त्याला दाखवते, "माझ्या पोरानं कंप्युटरवर काढलं." लोकं बघतात, मान हलवतात. ओल चढून कागदाचं खालचं अंग पिवळं पडलंय. सगळी वजाची चिन्हं अजून ठळक हायेत.

मी काय करतो, तर रोज सकाळी हापिसात मशीन चालू केली की आधी मायचं घर उघडतो. काळे त्रिकोण, टोक वर. पायऱ्या वर जाणाऱ्या. बघितलं की मंग दिवसभराचं काम सुचते. गेल्या पावसाळ्यात मायला मोबाइल घेऊन दिला, तवा एकदा तिथूनच फोन लावला. म्हणलं, "माय, आजबी उघडून बघितलं. खरंच सांगतो, माझ्या स्क्रीनवर सगळं बराबर हाय." मोटरचा आवाज येत होता मागं. माय म्हणली, "बराबर हाय ना? मंग मला तिथंच राहायला ने की लेकरा. हितं ओल लई हाय."